मेणाच्या नळीवरचं गाणं: सव्वाशे वर्षांपूर्वीचे गायक खरंच असे गात होते का?

मोबाइलवर हल्ली एक प्रकार सारखा समोर येतो. १८९०-१९०० च्या सुमाराचं कुणा पाश्चात्त्य गायकाचं गाणं, खरखरीतून कसाबसा वर येणारा बारीक, नाकातला आवाज, आणि खाली प्रतिक्रियांची रांग: 'यांना महान म्हणायचे?' त्याच गाण्याची दुसरी, 'एआयने साफ केलेली' आवृत्तीही फिरत असते. ती कालच स्टुडिओत गायल्यासारखी वाटते, आणि तिच्याखाली लोक लिहितात, 'हा खरा आवाज.'

ही गाणी आत्ताच एवढी का दिसायला लागली, याला एक कायदेशीर कारण आहे. अमेरिकेत १९२३ पूर्वी प्रकाशित झालेल्या सगळ्या ध्वनिमुद्रणांवरचा स्वामित्व हक्क १ जानेवारी २०२२ रोजी एकदम संपला. शिवाय सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने दहा हजारांहून जास्त जुने सिलिंडर, म्हणजे गाणं कोरलेल्या नळ्या, इंटरनेटवर ऐकायला ठेवले आहेत. साहित्य भरपूर आहे, पण ते ऐकायचं कसं हे कुणी सांगत नाही.

माझं म्हणणं असं की वरच्या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. पहिलीत गायकावर अन्याय होतो, दुसरीत फसगत. सिलिंडरवर गायकाचा काही भाग अगदी विश्वासाने उतरलेला आहे आणि काही भाग कधी उतरलाच नाही. यातला कुठला भाग कोणता, हे कळलं की त्या खरखरीतून पुष्कळ काही ऐकू येऊ लागतं.

सिलिंडर म्हणजे काय

एडिसनने डिसेंबर १८७७ मध्ये पहिला फोनोग्राफ, म्हणजे आवाज टिपून पुन्हा ऐकवणारं यंत्र, चालवला, तेव्हा त्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला होता. तो थोडक्याच वेळा वाजवल्यावर निकामी व्हायचा. गाणं टिकवण्याजोगं झालं ते मेण आल्यावर. चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी १८८६ मध्ये मेणाच्या थरावर कोरण्याचं पेटंट मिळवलं, आणि १८८८ मध्ये एडिसननेही मेणाची पोकळ नळी वापरणारं सुधारलेलं यंत्र आणलं. ही नळी म्हणजेच सिलिंडर. लांबी सुमारे ११ सेंटिमीटर, व्यास साडेपाच-पावणेसहा सेंटिमीटर.

गायक एका कर्ण्यात तोंड करून गातो. कर्ण्याच्या अरुंद टोकाशी पातळ पडदा असतो, तो आवाजाने थरथरतो. पडद्याला जोडलेली अणकुचीदार सुई फिरत्या मेणात खाच कोरत जाते. ही खाच वरखाली खोल-उथळ होते. आवाज मोठा तर खाच खोल. वाजवताना हेच उलट्या क्रमाने घडतं: बोथट सुई खाचेवरून वरखाली होते, पडदा हलतो आणि कर्ण्यातून आवाज येतो.

आवाजाच्या या सगळ्या वाटेत वीज नाही, मायक्रोफोन नाही, आवाज वाढवणारं काहीही नाही. मेण कोरण्याची ताकद गायकाच्या छातीतूनच यायची. पुढचं बरंच काही या एका गोष्टीतून निघतं.

खाचा अगदी जवळजवळ, एका इंचात शंभर. त्यामुळे एका नळीवर दोन-अडीच मिनिटांचं गाणं मावायचं. १९०८ मध्ये इंचात दोनशे खाचा आल्या आणि वेळ चार मिनिटांवर गेली. एडिसनच्या कंपनीने सिलिंडर काढणं १९२९ मध्ये बंद केलं, पण त्याच्या कितीतरी आधी तबकडीने बाजार जिंकला होता.

कर्ण्याने काय घेतलं आणि काय सोडलं

तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो कुणी वेगळा छेडलेला नसतो. कुठलाही स्वर एकटा येत नाही, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूर त्याच्याबरोबर येतात. यांना उपस्वर म्हणू. तोच षड्ज दोन गायकांनी लावला तरी कोण कुठला हे आपण ओळखतो, ते या उपस्वरांच्या कमीजास्त प्रमाणावरून. आवाजाची जात, गोलाई, धार ही सगळी त्यांच्यातच असते.

कंपनं हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती, अशी मोजतात. त्या काळातला कर्णा आणि पडदा ढोबळमानाने २०० ते ३००० हर्ट्झ एवढाच पट्टा बऱ्यापैकी पकडत असे. माणसाचा कान तरुणपणी २०,००० पर्यंत ऐकतो. बरं, या पट्ट्यातही सगळ्यांना सारखा न्याय नव्हता. रिकाम्या घागरीत तोंड घालून गायलं तर एखादा सूर एकदम घुमतो आणि शेजारचा दबून राहतो, तसंच कर्ण्याचं. त्याच्या लांबीरुंदीप्रमाणे काही सूर फुगायचे, काही बसायचे. तो फुगवटा गायकाच्या आवाजाचा नसून कर्ण्याचा असतो.

आता हिशोब करून पाहू. पुरुष गायक १५० हर्ट्झवर सूर लावतो. त्याचे वीसेक उपस्वर ३००० च्या आत बसतात. मूळ सूर पट्ट्याच्या खाली राहिला तरी वरच्या उपस्वरांच्या अंतरावरून कान तो भरून काढतो, म्हणून खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो. उंच पट्टीची स्त्री गायिका, पाश्चात्त्य संगीतात जिला सोप्रानो म्हणतात, ती १००० हर्ट्झचा तार स्वर लावते. तिचे उपस्वर २०००, ३०००, आणि तिथे कुंपण. दोन-तीन उपस्वरांच्या आधारावर आवाजाची जात ओळखता येत नाही, शिट्टीसारखं काहीतरी उरतं. त्या काळातले पुरुष बरे ऐकू येतात आणि स्त्रिया पातळ, किरट्या वाटतात, त्याचं मोठं कारण इथे आहे. त्या बायकांच्या गळ्यात खोट नव्हती.

शब्दांचंही तेच. 'स'चा सीत्कार ४००० हर्ट्झच्या वर भरलेला असतो, तो सिलिंडरवर जवळजवळ येतच नाही. 'स' आणि 'फ' एकमेकांत मिसळतात, आणि ऐकणारा म्हणतो, उच्चार अस्पष्ट आहेत.

कर्ण्याची मर्यादा सर्वांत ठळक दिसते ती २९ जून १८८८ च्या मुद्रणात. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हँडेलच्या संगीताचा महोत्सव होता आणि चार हजारांहून जास्त गायकांचा वृंद गात होता. एडिसनचा प्रतिनिधी कर्नल गुरो याने वृंदापासून बरंच दूर फोनोग्राफ लावून त्यातले तुकडे मेणावर घेतले. ते आज ऐकताना आवाजाच्या लाटा येतात आणि जातात, अधूनमधून सुरावट हाती लागते. एका गळ्याला कर्णा कसाबसा पुरायचा, हजारो गळे दुरून येऊन त्यात मावणं शक्यच नव्हतं.

गायकही बदलत होते

कर्ण्यासमोर गाणं हे वेगळंच कसब होतं. आवाज लहान पडला तर खाच उमटत नाही. एकदम मोठा झाला तर सुई खोल घुसते किंवा मेण सोडते, आणि वाजवताना त्या जागी आवाज फाटतो. म्हणून गायक कोमल जागांना कर्ण्यात वाकायचे आणि तार स्वर आला की मागे सरायचे. नवख्या गायकाला त्या क्षणी हाताला धरून मागे ओढायला माणूस उभा असे. साहजिकच लहान-मोठ्या आवाजाचं गायकाचं जे खरं प्रमाण होतं ते मुद्रणात सपाट झालं. सिलिंडर ऐकून 'भाव नाही, सगळं एकाच जोरात' असं म्हणण्याआधी हे लक्षात ठेवावं.

साथीचंही तसंच. व्हायोलिनचा आवाज पोचत नसे, म्हणून ऑगस्टस स्ट्रो याने लाकडी पोटाऐवजी पडदा आणि धातूचा कर्णा लावलेलं व्हायोलिन बनवलं. पियानो मंचावर चढवून कर्ण्याच्या उंचीला आणत आणि त्यावर जोरात वाजवत. तो साथीला कमी आणि ठोक्याला जास्त, असा ऐकू येतो.

आणि कष्ट किती! सुरुवातीच्या वर्षांत एका सिलिंडरवरून हजारो प्रती काढायची सोय नव्हती. तीन-चार यंत्रं समोर मांडायची, गायकाने गाणं म्हणायचं, नळ्या बदलायच्या, पुन्हा तेच गाणं. जॉर्ज जॉन्सन हा व्हर्जिनियात जन्मलेला कृष्णवर्णीय गायक १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या सर्वांत लोकप्रिय मुद्रित गायकांपैकी एक होता. त्याचं हसण्याचं गाणं प्रसिद्ध होतं, त्यात सुरात आणि तालात हसायचं असे. ते हसू त्याने दिवसभर, पुन्हा पुन्हा, अक्षरशः हजारो वेळा गायलं. आज आपल्या हाती त्याचा जो सिलिंडर पडतो तो दिवसातला कितवा होता हे सांगता येत नाही. साच्यातून ओतलेले सिलिंडर १९०२ मध्ये बाजारात आले तेव्हा हा प्रकार संपला.

वेग चुकला की षड्जाचा मध्यम होतो

माझ्या मते सर्वांत जास्त अन्याय वेगामुळे झाला आहे, आणि तो टाळणं सर्वांत सोपंही आहे.

सिलिंडर मिनिटाला १६० फेऱ्या या वेगाने वाजवायचा, हे साधारण १९०२ पासून पक्कं झालं. त्याआधीचे तपकिरी मेणाचे सिलिंडर कुणी १२० वर, कुणी १४४ वर, कुणी आणखी वेगळ्याच वेगाने कोरलेले आहेत. १४४ वर घेतलेलं गाणं १६० वर वाजवलं तर गायकाचा सा जवळजवळ शुद्ध रे होऊन ऐकू येतो. १२० चं गाणं १६० वर वाजवलं तर प्रमाण नेमकं चारास तीन होतं, म्हणजे सा चा बरोबर शुद्ध मध्यम. भारदस्त गळा पोरकट होतो, लय पळू लागते, आणि सेकंदाला सहा वेळा होणारा आवाजातला सहज कंप आठ वेळा होऊन थरथर वाटायला लागतो.

तज्ज्ञांचीही यात चूक झालेली आहे. फोनोग्राफच्याही आधी, ९ एप्रिल १८६० रोजी, पॅरिसमध्ये एदुआर लेऑं स्कॉट याने काजळी धरलेल्या कागदावर एका फ्रेंच लोकगीताची कंपनं रेखाटली होती. ती वाजवण्यासाठी नव्हती, नुसती पाहण्यासाठी होती. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी संगणकाने त्या रेषांचा आवाज केला. जगभर बातमी झाली: एका मुलीचा आवाज! पुढच्याच वर्षी लक्षात आलं की रेषेशेजारी वेग कळावा म्हणून काढलेल्या ट्यूनिंग फोर्कच्या, म्हणजे ठरलेल्या एकाच सुरात वाजणाऱ्या धातूच्या चिमट्याच्या, कंपनांचा अर्थ चुकीचा लागला होता आणि वेग दुप्पट धरला गेला होता. निम्म्या वेगाला आणल्यावर तो पुरुषाचा, बहुधा स्वतः स्कॉटचाच, सावकाश गाणारा आवाज निघाला.

मग बरोबर वेग कळतो कसा?

काही जणांनी पुढची पिढी ध्यानात घेऊन सोय करून ठेवली. बर्लिनमध्ये कार्ल श्टुम्फ यांनी १९०० मध्ये सुरू केलेल्या आणि एरिक फॉन होर्नबोस्टेल यांनी वाढवलेल्या संग्रहात, गाण्याआधी ४३५ हर्ट्झची शिट्टी मेणावर घेण्याची पद्धत होती. आज ती शिट्टी ४३५ वर आणली की गाणं आपोआप आपल्या पट्टीत येतं. हा संग्रह १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत गेला.

शिट्टी नसेल तर सिलिंडरच्या सुरुवातीची घोषणा ऐकतात, कारण बोलण्याचा आवाज अस्वाभाविक झाला तर कानाला लगेच खटकतो. साथीच्या वाद्याची पट्टी, गाण्याची छापील पट्टी, कंपाचा वेग, असे पुरावे जुळवत जातात. उत्तर दर वेळी पक्कं येतंच असं नाही. म्हणून चांगले संग्रह कुठला वेग धरला हे लिहून ठेवतात. तसं लिहिलेलं नसेल तर गायकाच्या पट्टीबद्दल काही बोलू नये.

'एवढं सगळं गेलं, मग उरलं काय?'

उरलं ते थोडं नाही. दोन स्वरांमधलं अंतर वेग चुकला तरी बदलत नाही, कारण सगळे स्वर एकाच प्रमाणात सरकतात. म्हणून गायक सुरात आहे की नाही हे सिलिंडर खरं सांगतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ज्याला आपण मींड म्हणतो, ते कर्णा आपल्या पदरचं घालू शकत नाही. श्वास कुठे घेतला, शब्द कुठे लांबवला, ठेक्याच्या आधी आला की मागून, तान एकेका स्वरात स्वच्छ आहे की लोळत गेली, हे सगळं मेणात जसंच्या तसं आहे.

आणि इथे मोठा शोध लागतो. त्या पिढीतले ऑपेरा गायक आजच्यापेक्षा कितीतरी जास्त घसरत गात, लय मोकळी ठेवत. छापील स्वरलिपीत यातलं काही दिसत नाही. सिलिंडर नसते तर हे गाणं कसं होतं याची आज कल्पनाही करता आली नसती.

हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक १९०६ पासून फोनोग्राफ घेऊन हंगेरीच्या खेड्यांतून हिंडला तो यासाठीच. शेतकरी बायकांच्या गळ्यातल्या बारीक हरकती एकदा ऐकून कागदावर उतरत नाहीत. मेणावर घेतल्या की पुन्हा पुन्हा, वेग कमी करूनही ऐकता येतात. सिलिंडरचा मोठा गुण हा होता की साध्या घरगुती यंत्रावरही मुद्रण करता येई. तबकडीला कारखाना लागायचा. त्यामुळे बाजाराने ज्यांना कधी विचारलं नसतं, असे आवाज सिलिंडरवर आले. दुर्दैवाने मेण तासून नळी पुन्हा वापरता यायची, आणि तासताना किती आवाज गेले याचा हिशोब कुणाकडेच नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटतात ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायनेल मेपलसन यांनी घेतलेले सिलिंडर. त्यांनी १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोगातले तुकडे मुद्रित केले. आधी रंगमंचाच्या पुढच्या बाजूला, प्रॉम्प्टर बसतो त्या जागेतून, मग रंगमंचाच्या वरच्या झुलत्या मार्गावर भलामोठा कर्णा लावून. आवाज खूप दुरून येतो, मेपलसन स्वतः हे सिलिंडर वारंवार वाजवत असल्याने ते झिजलेले आहेत, आणि दोन मिनिटांत गाणं मधेच तुटतं. पण इथे गायक कर्ण्यासाठी गात नव्हते. समोर भरलेलं नाट्यगृह होतं. नेली मेल्बा ही नामवंत सोप्रानो तिथे प्रेक्षकांपुढे जशी गाते, तसं तिचं गाणं स्टुडिओतल्या मुद्रणांत नाही. आणि यान द रेश्के हा आपल्या पिढीतला थोर टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, ज्या थोड्या क्षणांपुरता ऐकता येतो, ते क्षण याच नळ्यांवर आहेत. हे सिलिंडर आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत.

'एआयने साफ केलं तर बिघडलं काय?'

साफ करण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि ते एकाच नावाने खपवले जातात. पहिल्यात फक्त काढून टाकतात: टकटक, खरखर, कर्ण्याचा फुगवटा. यात हात जड पडला तर आवाजही थोडा जातो, पण परकं काही येत नाही. दुसऱ्यात भर घालतात. आजच्या गायकांचे हजारो आवाज ऐकवून शिकवलेला प्रोग्राम ३००० हर्ट्झच्या वरची रिकामी जागा अंदाजाने भरतो. तो अंदाज ऐकायला गोड असतो, पण त्यातले उपस्वर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या गळ्याचे नसतात, आजच्या अनेक गळ्यांची ती सरासरी असते. आणि आवाजाची जात उपस्वरांत असते, हे आपण पाहिलं. म्हणजे 'हा खरा आवाज' असं ज्याच्याखाली लिहिलेलं असतं, नेमका तोच भाग बनवलेला असतो. करमणूक म्हणून ऐकायला हरकत नाही, फक्त त्यावरून गायकाबद्दल मत बनवू नये.

खरी सुधारणा वाचण्याच्या पद्धतीत झाली आहे. बुरशी मेण खाते, तडा गेलेल्या नळीवर सुई ठेवता येत नाही. कार्ल हेबर आणि विताली फाडेयेव या भौतिकशास्त्रज्ञांनी बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत खाचेला स्पर्श न करता प्रकाशाने तिची खोली मोजायची आणि त्यावरून आवाज काढायची पद्धत बसवली. यात कुठलीही भर घातलेली नसते, मेणात जे आहे तेच बाहेर येतं.

ही गाणी कुणाची?

मार्च १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात पॅसामाक्वॉडी या आदिवासी समाजाची गाणी आणि कथा मेणावर घेतल्या. माणसं राहतात तिथे जाऊन केलेलं हे सर्वांत जुनं मुद्रण मानलं जातं. गाणारे गेले, नळ्या दूरच्या संग्रहालयांत राहिल्या, त्यांच्यावर बाहेरच्यांनी दिलेली नावं पडली. आता त्याच समाजातली माणसं साफ केलेली मुद्रणं ऐकून शब्द उतरवत आहेत, नावं दुरुस्त करत आहेत, कुठलं गाणं सगळ्यांसाठी खुलं असावं हेही सांगत आहेत. स्वामित्व हक्क संपणं आणि गाणं कुणाचंच नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला त्या समाजाचं म्हणणं पूर्णपणे पटतं.

आपल्या जुन्या ध्वनिमुद्रिकांना हे लागू आहे का?

आहे. कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी सिलिंडरवर मुद्रणं केली होती, त्यात रवींद्रनाथ ठाकुरांचा आवाजही होता. पण आपल्याकडचा मोठा व्यवहार तबकडीवर झाला. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यातच गौहरजान तबकडीसाठी गायल्या. तबकडी सपाट असली, खाच वरखाली जाण्याऐवजी आजूबाजूला डोलत असली, तरी १९२५ मध्ये मायक्रोफोन येईपर्यंत कर्णा आणि पडदा तोच होता. म्हणजे बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांना वरचं सगळं लागू पडतं, वेगाचा प्रश्नसुद्धा, कारण तेव्हाच्या तबकड्या सगळ्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. अल्लादिया खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिकाच निघाली नाही. रसिकांना याची हळहळ आजही आहे, आणि यान द रेश्केच्या त्या तुटक क्षणांचं मोल काय हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

ज्यांना हा फरक स्वतःच्या कानाने तपासायचा आहे त्यांनी मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची दोन काळांतली मुद्रणं शेजारी ठेवून ऐकावीत: १९०५ च्या सुमाराची कर्ण्यासमोरची आणि १९३० च्या दशकातली मायक्रोफोनसमोरची. मध्ये तीस वर्षं गेली, गायकीही बदलली, हे धरून चालावं. आधी दोन्हींत फक्त सूर आणि हरकतींकडे लक्ष द्यावं, मग फक्त आवाजाच्या गोलाईकडे. पहिल्या वेळी तुलना करता येते. दुसऱ्या वेळी एका बाजूला गळा ऐकू येतो आणि दुसऱ्या बाजूला बराचसा कर्णा.